फुगीर पोटाची गिटार

श्रीपतला नीट ऐकू येत नाही, ही गोष्ट अख्ख्या कर्जत-खालापुरात दोघांनाच ठाऊक होती. एक खुद्द श्रीपत आणि दुसरा पनवेलचा कानाचा डॉक्टर. डॉक्टर तरी कर्जतचा कुठला, पण त्याला मोजला नाही तर श्रीपत अगदीच एकटा पडेल. डॉक्टरने कानात बॅटरी मारून पाहिली, कंप पावणारा चिमटा कानामागच्या हाडावर टेकवला आणि सांगून टाकलं, की आतली शीर मरत चालली आहे. मेली ती परत येणार नाही. उरली आहे ती वाचवायची तर कारखाना सोड. सोड म्हणे! डॉक्टर लोकांना सोडा म्हणायला काय जातं? तंबाखू सोडा, तिखट सोडा, पोटाचा धंदा सोडा.

कारखाना खोपोलीच्या अलीकडे होता, तारेच्या खिळ्यांचा. एका पत्र्याच्या शेडमध्ये ओळीने यंत्रं, आणि प्रत्येक यंत्र तारेचा तुकडा तोडून त्याच्या डोक्यावर हातोडा घालत असे. तिथे बोलायची सोय नव्हती, म्हणून कामगारांनी बोलणंच सोडून दिलं होतं. पाणी आण, साहेब आला, माझ्या बायकोला मुलगी झाली, सगळं हातवाऱ्यांनी आणि ओठांच्या हालचालीवर चालायचं. नवा माणूस महिन्याभरात ओठ वाचायला शिकायचा. पाळी सुटल्यावर फाटकाबाहेर हीच मंडळी एकमेकांशी अशी बोलायची, की रस्त्याने जाणाऱ्याला वाटावं, मारामारी जुंपली. जिथे सगळेच ओरडतात तिथे बहिरा कोण, हे कसं कळणार? श्रीपतचं बहिरेपण म्हणूनच झाकून राहिलं. घरीही बायको मालन समोर असली की तो तिच्या ओठांवरून समजून घ्यायचा. ती चुलीपाशी पाठ करून बसली असली आणि उत्तर आलं नाही, तर तिला वाटायचं, याचं ध्यान गिटारीत आहे.

आता कर्जतजवळच्या दहिवलीच्या बौद्धवाडीत गिटार कुठून आली, असं कोणीही विचारील. सांगतो.

श्रीपतचा बाप धर्माजी, पोरं त्याला आप्पा म्हणायची, सनई वाजवायचा. वाजवायचा म्हणजे वाजवावीच लागायची. गावकीचं काम होतं ते. पालखीपुढे उन्हात चालत वाजवायचं, लग्नात मांडवाबाहेर उभं राहून वाजवायचं आणि शेवटी धोतराचा सोगा पसरून वरून पडेल ते झेलायचं. छप्पन साली धर्माजीने दीक्षा घेतली. घरी आला आणि सनई चुलीत घातली. पोरांना म्हणाला, "आता कुनाच्या दारात उभं राहून वाजवायचं नाय." त्यानंतर मरेपर्यंत त्याने वाद्याला हात लावला नाही. त्याच्या अंगातलं वाजवणं मात्र पोरात उतरलं होतं, त्याला चूल काय करणार? श्रीपत विहारातल्या गाण्याच्या पार्टीत बेंजो वाजवू लागला. एका जयंतीला पार्टी खोपोलीला गेली, आणि तिथे आग्नेल मास्तरांनी त्याला ऐकलं.

आग्नेल मास्तर मूळचे गोव्याकडचे. मुंबईच्या मोठ्या हॉटेलांत काळा कोट घालून त्यांनी उभं आयुष्य गिटार वाजवली. मग संधिवाताने बोटं वाकडी झाली, तसे ते बहिणीकडे खोपोलीला आले. बहीण रोझालिनबाई खाली बेकरी चालवायची आणि मास्तर माडीवर बसून आपल्या बोटांना शिव्या द्यायचे. श्रीपत दर रविवारी त्यांच्याकडे जाऊ लागला. मास्तरांनी त्याला एक जुनी सपाट पोटाची गिटार शिकायला दिली आणि जाझ शिकवलं. जाझ म्हणजे काय, असं श्रीपतने पहिल्याच दिवशी विचारलं, तेव्हा मास्तर म्हणाले, "सगळ्यांनी एका घरातून निघायचं, वाटेत ज्याने त्याने आपल्या मर्जीने हिंडायचं, आणि सगळ्यांनी एकाच वेळी परत घरी पोचायचं. त्यासाठी दुसरा कुठे आहे ते सारखं ऐकत राहावं लागतं, बाबा."

हे ऐकत राहण्याचं श्रीपतला तेव्हा काही वाटलं नव्हतं. त्याच्या मनात भरली होती ती वेगळीच गोष्ट. हॉटेलात बँडवाल्यांना खुर्च्या असतात, असं मास्तर म्हणाले होते. लोक जेवता जेवता थांबून ऐकतात. टाळ्या वाजवतात. वरून काही टाकत नाहीत. त्या खुर्चीने श्रीपतला असं धरलं, की कारखान्यातून सुटून, डोकं बधिर झालेलं असतानाही तो घरी येऊन बोटं झिजवायचा.

आणि आता ती खुर्ची रिकामी झाली होती. मास्तरांचा एक जुना सोबती चर्चगेटच्या एका हॉटेलात बँड चालवत होता. त्याचा गिटारवाला परदेशी निघून गेला. त्याने मास्तरांना निरोप धाडला, की तुमचा कोणी चांगला मुलगा असेल तर पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी पाठवा. मास्तरांनी श्रीपतचं नाव घेतलं.

श्रीपतला आनंद आणि भीती एकदमच वाटली. वरचे बारीक सूर तर त्याला कधीचेच ऐकू येईनासे झाले होते. खालचे सूर अजून येत होते, तेही पांघरुणाखालून आल्यासारखे. पण त्याने मनाशी जुळवाजुळव केली. ढोलवाल्याच्या शेजारी बसायचं. बाकीच्यांच्या बोटांवर नजर ठेवायची. निभेल. कारखाना सुटला म्हणजे उरलेले कान तरी वाचतील. नाही सुटला तर आणखी थोड्या दिवसांत तेही जातील आणि मग गिटार काय नि पाटा-वरवंटा काय, सारखंच. म्हणून त्याने ठरवलं, की हे कोणालाही सांगायचं नाही. मास्तरांना नाही आणि मालनलाही नाही. मालनला कळलं असतं तर तिने डोळ्यांत पाणी आणलं असतं, आणि ते पाहून त्याचा धीर सुटला असता.

त्याच्या आदल्या रविवारी मास्तरांनी दोघांनाही जेवायला बोलावलं. मुंबईला बिऱ्हाड हलवायचं तर बायकोशी बोललं पाहिजे, असं रोझालिनबाईचं म्हणणं. दिवाळी होऊन गेली होती, भात कापून झालेलं होतं. मालन ठेवणीतलं लुगडं नेसली होती आणि बेकरीचा जिना चढताना दोन्ही हातांनी ते सावरत होती. माडीवर पलंगावर मास्तरांनी दोन गिटारी शेजारी शेजारी निजवून ठेवल्या होत्या. एक काळपट तपकिरी, एक पिवळी. दोन्हींची पोटं फुगलेली, आणि मधोमध गोल भोकाऐवजी दोन बाजूंना व्हायोलिनला असतात तशा वळणदार फटी.

"बस," मास्तर म्हणाले. "आजवर तू शिकलास ती सपाट पोटाची. ती गोड बोलते, पण सगळ्या घरभर पसरते. बँडमध्ये पाच जण बोलत असतात, तिथे तिचं कोण ऐकणार? ही फुगीर पोटाची बघ. जाड लाकूड आतून-बाहेरून कोरून हे पोट काढलंय. ही सूर पुढे फेकते आणि लगेच तोंड मिटते. कमी बोलते, ठाम बोलते. जाझला अशीच लागते." मग त्यांनी वाकडी बोटं दोन्ही गिटारींवरून फिरवली. "या दोन्ही माझ्या. एक तुला देणार. कोणती, ते तू सांगायचं. जो आपलं वाद्य निवडू शकत नाही, त्याचं नाव मी कुठल्या तोंडाने सांगू?"

हे सगळं श्रीपतने त्यांच्या ओठांवरून टिपलं, आणि शेवटचं वाक्य टिपल्यावर त्याच्या तोंडचं पाणी पळालं. परीक्षा मुंबईला आहे असं तो धरून चालला होता. ती इथेच, पलंगावर, जेवणाच्या आधी मांडून ठेवलेली होती.

त्याने आधी पिवळी घेतली. मांडीवर ठेवून हात मारला. काहीच नाही. म्हणजे आवाज झाला असणार, कारण मालनचा चेहरा उजळला. पण त्याच्यापर्यंत पोचलं ते एवढंच, की बंद दारावर कोणीतरी बोटाने टकटक करतंय. गिटार अंगाला चिकटून होती, पण अंगात काही शिरत नव्हतं. जे होतं ते ती पुढे फेकत होती, पुढच्या माणसांसाठी. त्याने पुन्हा वाजवली, जोर लावून वाजवली. तीच टकटक. त्याला रडू येईल असं वाटलं.

मग काळी घेतली, आणि पहिल्याच ठोक्याला त्याच्या छातीत काहीतरी थरारलं. बरगड्यांतून सरसरत गेलं. त्याने मान वाकवून हनुवटी गिटारीच्या कडेला टेकवली आणि पुन्हा हात मारला, तर थरथर दातांत आली, कानशिलात आली, डोक्यात घुमली. किती दिवसांत एवढं काही त्याच्या डोक्यात शिरलं नव्हतं! बहिऱ्या माणसाला काय वाटतं ते कानवाल्यांना सांगून कळायचं नाही. त्याला वाटलं, ही गिटार आपल्याला ओळखते. त्याने वर पाहिलं. रोझालिनबाई ताट हातात घेऊन दारातच थबकली होती. मालन पुढे वाकून गिटारीच्या फटीत डोकावत होती. दोघी भारावून गेल्या, असं त्याने धरून घेतलं.

"हीच," तो म्हणाला.

मास्तर हसले. त्यांना वाटलं, पोरगा भिडेखातर बोलतोय. चांगली गुरूला ठेवायची आणि उरलेली आपण घ्यायची, हे आपल्याकडच्या शिष्यांच्या हाडात असतंच. "लाजू नकोस रे," ते म्हणाले. "चांगली असेल तीच तुला द्यायची आहे मला. मी आता वाजवणार आहे थोडाच? नीट ऐक. वरच्या तारा एकेक करून वाजव."

वरच्या तारा! श्रीपतच्या लेखी त्या तारा मेलेल्याच होत्या. बोटाला लागायच्या तेवढ्याच. त्याने एकेक तार छेडली, आणि प्रत्येक तारेला मुंबईच्या वादकासारखे डोळे मिटून, मान किंचित हलवून, तोंडावर समाधान आणलं. असं सोंग करताना त्याचं त्यालाच मेल्याहून मेल्यासारखं होत होतं. पण आता मागे फिरायला वाट नव्हती.

"हीच, मास्तर. हिच्यात जीव हाय."

"ही? नक्की?"

"नक्की."

मास्तर त्याच्याकडे पाहत राहिले. मग उठले आणि खिडकीशी गेले. तिथून डोंगरावरून वीजघराकडे उतरणारे मोठे नळ दिसायचे. ते तिकडे तोंड करून उभे राहिले. श्रीपतला त्यांची पाठ दिसत होती. खांदे जरा वर झाले, खाली आले. काहीतरी बोलले असावेत. पाठ करून कोणी बोललं, की हो म्हणून मोकळं व्हायचं, असं तो हल्ली करायचा. दहातल्या नऊ वेळा ते खपून जायचं. शिवाय आज तो खुशीत होता.

"हो मास्तर," तो हसून म्हणाला.

मालनने एकदम त्याच्याकडे मान वळवली. रोझालिनबाईने ताट मेजावर ठेवलं आणि ती आत निघून गेली. मास्तर वळले तेव्हा त्यांचे डोळे लाल झाले होते. शिष्य निघाला म्हणून मास्तरांचं मन भरून आलं, असं श्रीपतला वाटलं. मास्तरांनी काळी गिटार एका जुन्या चादरीत स्वतःच्या हाताने गुंडाळली आणि त्याच्या मांडीवर ठेवली.

जेवण झालं. निघताना श्रीपतने विचारलं, "आन् रविवारचं, मास्तर?"

"मी... कळवतो... तुला," मास्तर म्हणाले. प्रत्येक शब्द सुटा करून, तोंड मोठं उघडून म्हणाले. मग त्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. श्रीपतने जय भीम केला आणि जिना उतरला.

एसटीत मालन खिडकीशी बसली आणि बाहेर बघत राहिली. श्रीपतने गिटार उभी करून गुडघ्यांत धरली होती आणि त्याच्या तोंडाला खळ नव्हता. भायखळ्याला चुलता आहे, पहिले काही दिवस त्याच्याकडे राहू. काळा कोट शिवावा लागेल. बूटही लागतील. आप्पा असते तर त्यांना एकदा नेऊन दाखवलं असतं, की बघा, पोरगं खुर्चीवर बसून वाजवतंय. पुढच्या बाकावरची माणसं वळून वळून बघत होती. तो किती मोठ्याने बोलतोय हे त्याला कोण सांगणार? मालनने एकदाही उत्तर दिलं नाही. मुंबईला जायचं म्हणून ती घाबरली असेल, असं म्हणून त्याने तिचं बोलणंही स्वतःच बोलून टाकलं.

कर्जतला उतरून दोघं दहिवलीकडे चालू लागली. ऊन कलतं झालं होतं. उल्हासवरच्या पुलाच्या मध्यावर मालन थांबली आणि त्याच्यासमोर उभी राहिली.

"मास्तरांना कसं चटकन हो म्हनलात," ती म्हणाली. "माझ्यापुढं इतकी वर्सं तुमची जीभ उचलली नाय. मी कोन तुमची? वाटंवरची?"

"काय हो म्हनलो मी?"

"आता सोंग नका करू."

"मालन, खरंच सांगतो. कशाला हो म्हनलो?"

ती त्याच्या तोंडाकडे पाहत राहिली, आणि तिच्या रागातून हळूहळू दुसरंच काही वर येऊ लागलं. तिने हातातली पिशवी खाली ठेवली.

"तुमाला ते बी ऐकू आलं नाय?"

श्रीपतने नकारार्थी मान हलवली.

"मास्तर खिडकीशी गेले," मालन म्हणाली. तिचे ओठ थरथरत होते, म्हणून त्याला डोळे बारीक करून पाहावं लागलं. "तिकडं तोंड करून म्हनले, श्रीपत, मी आता बोलतोय ते तुला ऐकू येत नाय, व्हय ना? आन् तुमी म्हनलात, हो मास्तर. हसून म्हनलात वो. मला वाटलं, गुरूला सांगितलं आन् बायकोला नाय."

तो पुलाच्या कठड्याला टेकून तिथेच खाली बसला. एक बैलगाडी आली, गेली. गाडीवानाने काहीतरी विचारलं असावं, मालनने मान हलवली. श्रीपतला दिसत होता तो फक्त मास्तरांचा, कळवतो म्हणतानाचा, मोठा उघडलेला जबडा. लहान मुलाशी बोलावं तसे ते बोलले होते. आता कोणी कळवणार नव्हतं. ती खुर्ची गेली होती. मास्तरांनी त्याला ओरडून हाकललं असतं तरी बरं झालं असतं.

"मग ही का दिली मला?" त्याने विचारलं. मालनने उत्तर द्यायच्या आत त्याने चादर सोडली आणि गिटार मांडीवर घेऊन जोरात हात मारला. तीच थरथर छातीत उतरली. "सांग, कशी वाजती? खरं सांग."

"मला त्यातलं काय कळतंय? मला वाटलं, तुमचं जाझ असंच असतंय."

"असंच म्हंजे कसं?"

"आत कायतरी सुटलंय वो. फळकूट निखळलंय जनू. तुमी हात मारला की खडखड करतंय, डब्यात खडा घालून हालवल्यावानी. त्या बाईनं तर कानावर हात न्यायचा तेवढा ठेवला."

म्हणजे तो जीव नव्हता. आतली पट्टी डिंक सोडून लोंबत होती आणि प्रत्येक ठोक्याला लाकडावर आपटत होती, ती त्याच्या बरगड्यांनी झेलली आणि त्याने तिला जीव म्हटलं. कान असलेल्या कोणत्याही माणसाने पहिल्याच ठोक्याला ती बाजूला ठेवली असती. मास्तरांनी तेवढ्यासाठीच ती मांडली असणार, पोरगा भीड सोडून तोंड उघडतो का ते बघायला. आणि त्याने तर तोंड भरून मागून घेतली. मास्तरांनी दिली. का नाही देणार? चांगली याला देऊन उपयोग काय होता? त्यांच्या जागी श्रीपत असता तर त्यानेही हीच दिली असती. हे मनात आलं तेव्हा त्याला मास्तरांचा राग करायचीही सोय राहिली नाही.

मालन त्याच्याशेजारी बसली. त्याच्या दंडाला हलवून, त्याला आपल्याकडे बघायला लावून म्हणाली, "परत नेऊन देऊ. ती पिवळी मागू. ती लई ग्वाड होती."

"ग्वाड होती?"

"लई."

"म्हंजे कशी?" श्रीपतने विचारलं. तो तिच्या ओठांवरून नजर हलवत नव्हता. "मी तीन डाव वाजवली, मालन. मला कायबी आलं नाय. तूच ऐकलीस ती. कशी होती सांग ना."

कसं सांगणार? सूर कसा होता हे सांगायला तिच्याकडे शब्द नव्हते. आपल्यापैकी कोणाकडे असतात? "ग्वाड म्हंजे... ग्वाड," ती म्हणाली. "मला नाय सांगता येत वो."

"मग खोटं सांग. कायतरी सांग."

मालनला हुंदका आवरला नाही. तिने पदर तोंडाला लावला आणि रडत रडतच ती सांगू लागली. बराच वेळ सांगत होती, तिचे खांदे हलत होते. श्रीपत तिच्या तोंडाकडे बघत राहिला, पण तोंड पदराआड होतं.